भीतीचं औषध

"माझ्या नवऱ्याला बोलवा," लिफ्टच्या आतून बाई म्हणाली, आणि माझा हात दाराच्या किल्लीवर होता तसाच राहिला.

बोलणं अगदी साधं होतं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आत ती एकटी, आणि तिचा नवरा त्याच इमारतीत वर कुठेतरी कामाला. कोणीही हेच म्हणेल. एकतीस वर्षं मी लिफ्टची कामं करतोय आणि अडकलेली माणसं आतून काय काय सांगतात ते सगळं ऐकून झालंय. एकाने सांगितलं होतं, साहेबांना कळवा मी वेळेवर आलो होतो म्हणून. एक म्हातारे गृहस्थ आतून मलाच धीर देत होते. आमच्या कामाला दोघं लागतात. एक वर मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करतो, ब्रेक सोडतो आणि चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला आणतो. दुसरा दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलत राहतो. हे बोलण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे, कारण माझ्या जोडीदाराचा आवाज म्हणजे मालट्रक. वजन पंचेचाळीस किलो, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. बोलायची रीत ठरलेली आहे. आधी आपलं नाव सांगायचं. मग आपण आता काय करणार ते सांगायचं, आणि सांगितल्यावरच करायचं. 'घाबरू नका' म्हणायचं नाही, तोवर न घाबरलेला माणूसही तेवढ्याने घाबरतो. 'पाच मिनिटांत काढतो' म्हणायचं नाही, आतली पाच मिनिटं बाहेरच्यासारखी नसतात. हे सगळं मला झोपेतही येतं. आज मला माझं नावही सांगता आलं नाही.

"अहो, बाहेर कोण आहे? आहे ना कोणी?" बाईंचा आवाज चढला. मागे ऑफिसातली चार-पाच माणसं उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली. खिशात फोन वाजत होता. तो पैलवान होता हे मला कळत होतं. शेवटी तोच जिन्याने धावत खाली आला, माझं तोंड पाहिलं, किल्ली काढून घेतली आणि मला वर पिटाळलं. मी वर जाऊन चाक फिरवलं. हातांना काही झालं नव्हतं, त्यांना सगळं आठवत होतं. खाली आलो तेव्हा बाई बाहेर आल्या होत्या, पदर सारखा करत होत्या. "मघाशी तुम्हीच होता ना इथे? तोंड नाही का तुम्हाला?" असं म्हणून त्या जिन्याने निघून गेल्या.

पैलवानाने हत्यारं पिशवीत टाकली. "तीन वाजता आहे ना तुझं ते?"

"हो."

"मग आत्ताच जा. दुपारी नुसतं ग्रीस भरायचंय. ग्रीसला काय बोलावं लागत नाही."

तीन वाजता मला लेकीबरोबर त्या संस्थेच्या ऑफिसात जायचं होतं. बऱ्या न होणाऱ्या पेशंटला शेवटच्या दिवसांत त्रास होऊ नये म्हणून ही संस्था घरी डॉक्टर आणि नर्स पाठवते. माझी बायको, ही, आजारी असताना आमच्याकडे त्यांच्या एक सिस्टर येत होत्या. लेकीने त्या सिस्टरांविरुद्ध तक्रार दिली होती. माझ्याच घरी, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून तिने ती लिहिली आणि मला वाचून दाखवली. माझ्या आईला तीन दिवस भीतीने किंचाळत ठेवलं. थेंब लागू पडत नाहीत हे दिसत असूनही औषध वेळेत बदललं नाही. नंतर अचानक सुई लावून तिला गप्प केलं. अशा व्यक्तीला कोणाच्या घरी पाठवू नये. "बरोबर आहे ना, बाबा?" तिने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, बरोबर आहे. थेंब लागू पडत नव्हते, कारण ते हिच्या पोटात गेलेच नव्हते. मी दिलेच नव्हते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ही जाऊन सहा आठवडे झाले होते.

मी बसने न जाता चालत निघालो. पायाखाली फरश्या येत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. 'माझ्या नवऱ्याला बोलवा.' हिने हे म्हटलं तेव्हा मी हिच्यापासून हातभर अंतरावर होतो. बंद दार नव्हतं, काही नव्हतं. दुपारचं ऊन पलंगावर आलेलं होतं, माझं तोंड हिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्या तोंडाकडे बघून ही म्हणाली होती. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरुवात झाली ती फार गमतीने झाली. ही बनियनच्या कारखान्यात चेकिंगला होती. बावीस वर्षं हिने शिवणी तपासल्या. बोटांतून शिवण सरकवायची, कुठे टाका सुटला तर डोळ्यांआधी बोटांना कळायचं. त्या दिवशी दुपारी ही पलंगावर पडल्या पडल्या चादरीची कड बोटांतून सरकवत होती आणि पुटपुटत होती, पास, पास, पास. मला वाटलं, मजा करतेय. मी म्हटलं, "काय साहेब, आज ओव्हरटाईम का?" हिने माझ्या शर्टाची बाही धरली, कफाजवळची शिवण चिमटीत फिरवली आणि म्हणाली, "रिजेक्ट." मी हसलो. मोठ्याने हसलो. ही हसली नाही, बाही मात्र हिने बाजूला टाकली, म्हणजे मला हातासकट ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेलो तर हिने पाय पोटाशी घेतले आणि भिंतीला सरकली. "ए, तू आत कसा आलास?" तेहेतीस वर्षं मला अहो-जाहो करणारी बाई. भांडणातसुद्धा 'तुम्ही मूर्ख आहात' म्हणायची. मी मागे वळून पाहिलं. मला खरंच वाटलं, माझ्या मागे कोणीतरी उभं आहे.

सिस्टर तासाभरात आल्या. बुटकी बाई, खांद्याला मोठी पिशवी, पायात धावायचे बूट. त्यांनी हिचं ओटीपोट दाबून पाहिलं, लघवी तुंबलीय का ते बघायला. पोट साफ कधी झालं ते विचारलं, ताप पाहिला, तोंड उघडून जीभ पाहिली, दुखण्याच्या औषधाचा हिशोब पाहिला आणि फोनवर संस्थेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ते थोडं कमी केलं. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "काका, याला भ्रम म्हणतात. हे वेड नाही. लिव्हरने काम सोडलं की डोक्यापर्यंत घाण जाते. शेवटच्या दिवसांत खूप जणांना होतं." त्यांनी करायच्या गोष्टी सांगितल्या. पडदा उघडा ठेवा, दिवस आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. चष्मा घाला. घड्याळ समोर लावा. खोलीत एका वेळी एकच माणूस. हात बांधायचे नाहीत. आणि वाद घालायचा नाही. "त्या तुम्हाला चोर म्हणाल्या तर मी चोर नाही असं म्हणत बसू नका. भीती वाटते का, एवढंच विचारा."

"मग मी कोण म्हणून सांगू?"

"काही सांगू नका. नुसते बसा. आणि जमेल तेव्हा झोपा जरा, तुमच्या दोघांत पेशंट कोण हे मला पिशवीतला कागद बघून ठरवावं लागतंय."

थेंबांची बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब, जिभेखाली. एक तक्ता दिला, त्यात थेंब दिले की बरोबरची खूण करायची. खोलीच्या दाराला तो मी चिकटपट्टीने लावला.

सगळं सांगितलं ते मी केलं. पडदा, चष्मा, घड्याळ. फक्त वाद न घालणं मला जमलं नाही. अडकलेल्या किती परक्या माणसांशी मी दाराबाहेरून धीराने बोललो असेन, त्याचा काही उपयोग झाला नाही. ते परके होते. त्यांनी मला ओळखलं नाही तर माझं काय जात होतं? मी हिला म्हणत होतो, अगं मी. मीच तुझा नवरा. बघ ना नीट. ही जितकी भ्यायची तितका मी जवळ जायचो आणि मी जितका जवळ जायचो तितकी ही भ्यायची. मी कपाटातून लग्नाचा फोटो काढला आणि हिच्या डोळ्यांसमोर धरला. हिने बराच वेळ पाहिला. फोटोतल्या स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ही बाई कुठाय? हिचं काय केलंस?" तो फोटो मी पालथा करून कपाटावर ठेवला. अजून तिथेच आहे. खाली काढायला हात जात नाही.

त्या संध्याकाळी थेंब दिले. पहिले आणि शेवटचे. ही थोड्या वेळात झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी उठेना. मी खुर्चीत बसून हिच्या छातीकडे बघत होतो. आठवड्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता दिवस हाताच्या बोटांवर. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. ही अशी झोपली आणि झोपेतच गेली, तर जाताना हिच्या मनात मी कोण असेन? घरात घुसलेला माणूस. बायकोला मारून टाकलेला माणूस. तेहेतीस वर्षं पुसली जातील आणि खाली सही होईल ती या दोन दिवसांची. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, झोप लागली ती थकव्याने. किती वेळ धास्तावल्या होत्या त्या. ते झोपेचं औषध नाही, भीतीचं आहे. भीती कमी झाली की कदाचित तुम्हाला ओळखतीलही, पण मी तसा शब्द देत नाही. थेंब थांबवू नका." मी हो हो म्हणालो. मला पटलं नाही. मला वाटलं, ही जागी राहिली पाहिजे. जागी राहिली तर बोलता येईल, बोललो तर कधीतरी एखादं मिनिट असं येईल की हिला मी दिसेन. तेवढं एक मिनिट मिळालं की मग खुशाल देईन थेंब.

ही उठली. मी बाटलीला हात लावला नाही. तक्त्यावर खूण केली.

ती खूण करताना मला काही वाटलं नाही, आणि हे मला फोड करून सांगायला हवं. आमच्या धंद्यात मशीनच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. दर महिन्याला तेल, ग्रीस, ब्रेक, दोर तपासला की त्यावर खूण करायची. खरं सांगायचं तर कार्ड आधी भरतात. काम पुढच्या फेरीला होतं, बहुतेक वेळा होतं. त्यात खोटं बोलतोय असं कोणाला वाटत नाही. पैलवान तर वर्षाच्या सुरुवातीला चार महिन्यांच्या खुणा एकदम करून टाकतो, म्हणतो, पेन सापडलंय तर करून घेऊ. माझा हात तसाच त्या तक्त्याकडे गेला. सकाळ, खूण. संध्याकाळ, खूण. चौकट रिकामी दिसली नाही म्हणजे झालं. बाटलीत मात्र थेंब तसेच होते. बाटली रिकामी करायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते तीन दिवस. ही ओरडायची ती अशी की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्यांना बघून ही म्हणाली, "मला सोडवा हो, याने मला इथे कोंडलंय," आणि त्या लोकांनी, रोज जिन्यात मला भेटणाऱ्या लोकांनी, क्षणभर माझ्याकडे तसंच पाहिलं. घशातून आवाज निघेनासा झाला तरी हिचं तोंड ओरडायच्या आकारात उघडं असायचं. पाणी पाजायला गेलो तर विष म्हणून थुंकायची, ओठ फुटले होते. एकदा पलंगाखाली जायला बघत होती. जिला कूस बदलायला मी लागायचो ती बाई उठून खाली वाकली, कुठून आली ताकद, आणि पडली, कोपर सोलवटलं. मी उचलायला गेलो तर हात जोडायला लागली. मला हात जोडायला लागली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला बोलवा. तो तुम्हाला काय पाहिजे ते देईल." मी ओरडलो हिच्यावर. मी म्हटलं, "अगं मीच आहे तो! मीच! किती वेळा सांगू?" माझा आवाज मऊ आहे असं सगळे म्हणतात. भिंतीवर आदळून परत आलेला तो आवाज कोणाचा होता मला माहीत नाही. लेक दुसऱ्या शहरात, तिचा लहान मुलगा तापाने फणफणलेला, तिला निघता येत नव्हतं. ती फोनवर हे सगळं ऐकायची. "बाबा, थेंब देताय ना?" "देतोय." "वेळेवर?" "खुणा आहेत बघ तक्त्यावर." ती म्हणाली, फोन आईच्या कानाला लावा. मी लावला. ती आई आई म्हणत होती. ही ऐकत राहिली, मग फोन ढकलून माझ्याकडे बघून रडायला लागली. "माझ्या मुलीचा आवाज पण चोरलास."

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, हिच्याजवळ बसल्या, दंडात कातडीखाली एक बारीक सुई बसवली आणि तिच्यातून औषध दिलं. म्हणाल्या, आता तोंडावाटे औषध नको, मी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन देत जाईन. संध्याकाळची त्यांची पाळी नसायची. मी काही विचारलं नाही. तिथून चार दिवस ही होती, त्यातले शेवटचे दोन बहुतेक झोपेत. लेक पोचली तेव्हा ही झोपेतच होती.

ऑफिसच्या पायऱ्यांवर लेक उभी होती. "हात काळे आहेत तुमचे," म्हणाली आणि पर्समधून ओला रुमाल काढून दिला. मी बोटं पुसत पुसत आत गेलो. खोली लहान. टेबल, चार खुर्च्या, खिडकीत कुंडी, कुंडीत काही नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई समोर, सिस्टर बाजूला, धावायचे बूट खुर्चीखाली ओढून घेतलेले. लेकीने तक्रार वाचली. चांगलं वाचलं, आवाज कापू दिला नाही. फक्त 'तीन दिवस' आलं की थांबायची.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई म्हणतात ते खरं आहे. तीन दिवस त्रास झाला. माझ्या लक्षात आधी यायला पाहिजे होतं."

"काय लक्षात यायला पाहिजे होतं?" लेकीने विचारलं.

"त्रास कमी होत नाहीये हे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तक्रार आली म्हणजे नियमाप्रमाणे चौकशी पूर्ण होईपर्यंत सिस्टर घरच्या भेटींना जाणार नाहीत, ऑफिसात बसतील. सिस्टरांनी मान हलवली. मग विचारलं, "उद्या त्या टाकीजवळच्या आजोबांकडे कोण जाईल? सकाळी त्यांचं तोंड साफ करावं लागतं. ते दुसऱ्या कोणाला तोंड उघडून देत नाहीत, चावतात." कोणी हसलं नाही. त्या खरंच विचारत होत्या.

"थेंब मी दिले नाहीत," मी म्हणालो.

लेक माझ्याकडे वळली. तिला वाटलं मी काहीतरी दुसरं बोलतोय. "काय?"

"आईला. थेंब. पहिल्या संध्याकाळी दिले, मग दिले नाहीत. खुणा केल्या."

"विसरलात एखाद्या वेळी?"

"विसरलो नाही."

तिच्या तोंडावरचा रंग गेला म्हणतात तसं काही झालं नाही. ती फक्त माझ्या हातांकडे बघायला लागली. अजून थोडं ग्रीस होतं नखांत.

"मला माहीत होतं," सिस्टर हळू म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी बाटली उचलली तर गळ्यापर्यंत भरलेली. तक्ता पूर्ण."

"तुम्हाला माहीत होतं?" लेकीचा आवाज आता कापला. "आणि तुम्ही याबद्दल एक शब्द..."

"डॉक्टरीणबाईंशी तेव्हाच फोनवर बोलले. काकांना नाही विचारलं. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दार उघडलं नसतं. मला दार उघडं पाहिजे होतं, ताई."

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडून लेकीपुढे सरकवली. सिस्टरांच्या अक्षरात एक ओळ होती. 'घरी औषध देणं होत नाही. आजपासून दोन्ही वेळा मी देईन.' त्याखाली डॉक्टरीणबाईंची सही. लेकीने ती ओळ किती वेळा वाचली कोणास ठाऊक.

माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन आलं. जे झालं ते लिहून द्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला लिहायची सवय नाही. दोन ओळी लिहिल्या.

"वाचा," लेक म्हणाली.

मी वाचलं. "मी माझ्या पत्नीला तीन दिवस थेंब दिले नाहीत आणि तक्त्यावर दिले अशा खुणा केल्या. यात सिस्टरांची चूक नाही."

"मुद्दाम."

"काय?"

"मुद्दाम दिले नाहीत, असं लिहा."

"ताई, राहू दे ना," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये बोलू नका. लिहा, बाबा."

जागा नव्हती. मी दोन शब्दांच्या मध्ये, ओळीच्या वर, बारीक अक्षरात 'मुद्दाम' लिहिलं. सही केली. लेकीने कागद ओढून घेतला, पाहिला, परत ठेवला. मग टेबलाकडे बघत विचारलं, "कशासाठी?"

"मला ओळखावं म्हणून. एकदा."

"ओळखलं?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टर तिथे होत्या, पण मध्येच त्या चहा करायला गेल्या, त्यांनी पुरतं ऐकलं नसेल. सुई लावली त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. ही उशीला टेकून बसली होती, चष्मा लावलेला, ओठांना लोणी लावलेलं. मी दाराजवळ स्टुलावर होतो, कारण मी जवळ गेलो की ही घाबरायची हे मला तोवर शिकवून झालं होतं. ही माझ्याकडे बराच वेळ बघत होती. डोळ्यांत भीती नव्हती. नव्हतीच. मग सिस्टरांकडे वळून, पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून बायका हळू बोलतात तशी म्हणाली, "ते केव्हाचे बसलेत. चहा दिला का त्यांना कोणी?" सिस्टर म्हणाल्या, देते. हिने मलाच विचारलं, "साखर किती घालायची तुम्हाला?" मी म्हटलं, कमी. तर ही हसली. म्हणाली, "आमच्या ह्यांनाही कमीच लागते. कामावर गेलेत, येतील एवढ्यात. भेटूनच जा, बरं वाटेल त्यांना." मी म्हटलं, हो, थांबतो. चहा आला तो मी दाराजवळ बसून प्यायलो. कप रिकामा झालेला हिने पाहिला आणि मग डोळे मिटले.

एवढं मी सांगितलं. लेकीने माझ्यापुढचं पेन उचललं, त्याला टोपण लावलं, परत काढलं.

"हे त्या कागदावर नको," ती म्हणाली. आणि मग, "परत सांगा."

मी घसा साफ केला. "सुई लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी..."

"तिथून नाही, बाबा. ती ओरडत होती तिथून सांगा."